पाचवा फाऊल

मधुमतीच्या घरात त्या हिवाळ्यात देवधर्म, राजकारण आणि घरांच्या किमती हे तिन्ही विषय मागे पडले होते. जेवताना भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून: तनूच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा कोच बेंचवरच्या मुलींना खेळवत का नाही.

कोच शार्दूल इथेच, लंडनच्या हाउन्सलोत जन्मलेला, तिशीचा, मधुमतीच्या मैत्रिणीचा मुलगा. त्याच्याकडे पाच मुली चांगल्या होत्या आणि मॅचची चाळीसच्या चाळीस मिनिटं त्याच पाच पळायच्या. उरलेल्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या. त्यांना तो ‘अनप्रूव्हन’ म्हणायचा आणि दर मॅचनंतर मधुमतीला सांगायचा की टीमला डेप्थच नाही, बदलीला माणूसच नाही, काकू. विहीर खणायची नाही आणि पाणी लागत नाही म्हणून रडायचं, असलं हे दुखणं, असं मधुमतीचं मत होतं.

तनू सतरा वर्षांची. दोन सीझन बेंचवर काढून तिच्या वाट्याला एकूण अकरा मिनिटं आली होती, तीही टीम तीस पॉइंटांनी मार खात असताना. बुधवारी रीडिंग गावच्या एका कॉलेजबरोबर मॅच होती. त्यातही बसवून ठेवलं तर आपण टीम सोडणार, हे तिने सोमवारी टोस्टला लोणी लावता लावता सांगून टाकलं. आवाज चढवला नाही, म्हणूनच मधुमतीने ते मनावर घेतलं. चिडलेली मुलगी परत येते. शांत झालेली येत नाही.

नवरा, उदय, कोचच्या बाजूचा. ज्याची पारख झालेली नाही त्याच्यावर विसंबायचं नाही, हा त्याचा बाणा. घरापासून दहा मिनिटांच्या आत अकरा सलून असताना हा माणूस वीस वर्षं केस कापायला वेम्बलीला जात होता. त्या न्हाव्याला आता नीट दिसतही नव्हतं. उदयचा डावा कल्ला उजव्यापेक्षा बोटभर वर असायचा, पण माणूस खात्रीचा.

“मग माझ्याशी लग्न कसं केलंत?” मधुमतीने विचारलं. “मी तर अगदीच अनप्रूव्हन होते.”

“तुझा बायोडेटा होता,” उदय म्हणाला आणि त्याने दुसरी पोळी घेतली.

मधुमतीला या विषयातलं कळत होतं, कारण तिची नोकरीच ती होती. विमानतळाजवळच्या एका कारखान्यात, जिथे विमानातल्या जेवणाचे ट्रे भरतात, तिथे ती शिफ्ट सुपरवायझर. पहाटे फोन येतो, आज तिघी आजारी. मग एजन्सी पाठवेल त्याच्या केसांवर जाळी चढवायची आणि त्याला सरकत्या पट्ट्यापाशी उभं करायचं. आधी कुठेतरी सिद्ध होऊन ये, मग भात भर, असं म्हटलं तर दुबईचं विमान उपाशी उडेल. पहिल्या तासात ती माणसं सांडलवंड करतात. दुसऱ्या तासात कमी करतात. यापलीकडे त्यात काही गूढ नाही, हे ती शार्दूलला दोनदा सांगून चुकली होती. त्याने दोन्ही वेळा मान डोलावून तिचे बेसनाचे लाडू खाल्ले होते.

आणि मॅचमध्ये तर तिला बोलायची सोयच नव्हती, कारण ती स्कोअररच्या टेबलवर असायची. तनू तेरा वर्षांची, शाळेत इयर नाइनमध्ये होती तेव्हा स्कोअरशीट भरायला एकही आईबाप पुढे येईना. हिने एका रविवारी कोर्स केला, परीक्षा दिली, आणि तेव्हापासून ते टेबल हिच्याच गळ्यात पडलं. एखादीचा फाऊल झाला की तिचे किती झाले तो आकडा लिहिलेला फलक वर धरायचा, म्हणजे दोन्ही कोचना दिसतो. पाच झाले की ती मुलगी बाहेर, परत आत नाही. टेबलवरच्या माणसाने बाकी तोंड उघडायचं नाही.

मधुमती उघडायची. आपल्या टीममधल्या एखादीचा चौथा फाऊल झाला की ती घशातल्या घशात मराठीत सांगायची, शार्दूल, अमकीचे चार. समोरच्या टीमला वाटायचं, बाईंना खोकला आहे. मग शार्दूल त्या मुलीला थोडा वेळ धक्काबुक्कीपासून दूर ठेवून जपायचा. फाऊल मोजणं त्याने केव्हाच सोडून दिलं होतं. काकू आहेत ना.

बुधवारी तिसरा क्वार्टर संपता संपता अबेनाचा चौथा फाऊल झाला. अबेना म्हणजे सहा फुटी, टीमचा कणा. मधुमतीने चाराचा फलक वर धरला. शार्दूल दुसऱ्याच कुणावर तरी ओरडत होता. तिने तोंड उघडलं. बेंचवर तनू ट्रॅकसूटची चेन हनुवटीपर्यंत लावून बसली होती, बसस्टॉपवर बसतात तशी. मधुमतीने तोंड मिटलं. नियम पाळणं इतकं सोपं असतं, हे तिला चार वर्षांत कळलं नव्हतं.

शेवटची सहा मिनिटं उरलेली, टीम दोन पॉइंटांनी पुढे, आणि अबेनाने समोरच्या मुलीच्या हातावर हात मारला. शिट्टी वाजली. पाचाचा फलक लाल असतो.

शार्दूल धावत टेबलाशी आला. चारच झालेत म्हणाला. रेफरीने शीट पाहिलं, रीडिंगकडून घड्याळ सांभाळायला आलेल्या बाईंनी पाहिलं. पाच खुणा होत्या.

“सांगायचं होतंत ना, काकू.”

“फलक धरला होता.”

“फलक कोण बघतं?”

“कोच बघतात.”

बेंचवर तिघी होत्या. एकीचा घोटा बांधलेला, दुसरी गेल्याच आठवड्यात आलेली. शार्दूलने तनूकडे पाहिलं आणि नाइलाजाने बोट केलं.

तनूने पहिला पास सरळ रीडिंगच्या मुलीच्या हातात दिला. दुसऱ्या मिनिटाला फाऊल केला, आणि आईने तिच्यासाठी एकाचा फलक वर धरला. मग मात्र ती समोरच्या उंच मुलीला अशी चिकटली की त्या मुलीला चार मिनिटं बॉल मिळाला नाही. दोन फ्री थ्रोंपैकी एक घातला. टीम तीन पॉइंटांनी हरली.

गाडीत उदयने त्या पहिल्या पासचं शवविच्छेदन सुरू केलं. मागून तनू म्हणाली, “आई, तू चौथा फाऊल मुद्दाम नाही सांगितला?”

नियमांचं पुस्तक मधुमतीच्या बाजूचं होतं. ते पुढे करता आलं असतं.

“हो,” ती म्हणाली.

उदयचं वळण चुकलं आणि त्याने राउंडअबाउटला दोन फेऱ्या मारल्या. तनूने ट्रॅकसूटची चेन खाली ओढली.

“उद्या प्रॅक्टिस आहे. शार्दूल म्हणाला, अर्धा तास लवकर ये. मी जाणार आहे,” ती म्हणाली. “पण तू टेबलवर नको बसू. मी खेळली तर सगळे म्हणणार, आईने आत घुसवली.”

मधुमतीला ते लागलं. पटलंही. उदय काही बोलणार होता, त्याला तिने डोळ्यांनीच गप्प केलं.

पुढच्या घरच्या मॅचला टेबलवर कुणाचे तरी बाबा बसले आणि मधुमती पहिल्या रांगेत उदयच्या शेजारी. दुसऱ्या क्वार्टरला तनू आत आली. प्रेक्षकांनी तोंड बंद ठेवावं असा नियम बास्केटबॉलमध्ये नाही. मध्यंतरापर्यंत रेफरीने दोनदा वळून मधुमतीकडे पाहिलं, आणि उदयने मफलर नाकापर्यंत वर ओढून घेतला.