जिंकले तरी पुणं, हरले तरी पुणं

मुलगा आईला खेळणं पाठवतो तेव्हा आईने सावध व्हावं. आपण त्याला खेळणं कधी द्यायचो ते आठवावं. इंजेक्शनच्या आधी.

माझ्या मुलाने पुण्याहून कुरियरने जे पाठवलं ते तळहाताहून थोडं मोठं होतं. मध्ये पडदा, दोन्ही कडांना बटणं. चालू केलं की वरून ठोकळे पडायला लागतात. ते फिरवून फिरवून असे बसवायचे की आडवी ओळ फटीशिवाय भरली पाहिजे. भरली की ओळ पुसली जाते. फटी राहिल्या की ढीग वर चढत जातो आणि छताला टेकला की खेळ खलास.

"आई, तुझा वेळ जाईल," तो फोनवर म्हणाला.

माझा वेळ जात नाही अशी तक्रार मी कुणाकडेच केली नव्हती. उलट तो फार भराभर जातो, हीच माझी तक्रार आहे.

शिवाय हा तोच मुलगा, ज्याचा असाच ठोकळ्यांचा खेळ तो शाळेत असताना मी ज्वारीच्या कोठीत पुरून ठेवला होता. तेव्हा मी पस्तिशीच्या आसपास होते आणि मला सगळं कळायचं. "असल्या खेळानं डोकं मरतं," हे मी दारात उभी राहून गल्लीतल्या बायकांना समजावून सांगितलं होतं. एकीने विचारलं, "कुणी सांगितलं तुम्हाला?" मी म्हटलं, "सांगायला कशाला पाहिजे? दिसतंच की!" काय दिसत होतं कोण जाणे. आता तोच मुलगा मला सांगत होता की असल्या खेळाने डोकं जागं राहतं. म्हणजे माझं डोकं झोपल्याची खबर पुण्याला पोचली होती.

खबर सोलापूरच्या सात रस्ता चौकाची. दिवाळीनंतर मी तिकडे औषधं आणायला गेले आणि परत येताना चौकात थोडी थांबले. थोडी म्हणजे आमच्या शेजारणीने येऊन हात धरेपर्यंत. रस्ता खणलाय, वाहतूक वळवलीय, आणि जिथे सात रस्ते फुटतात तिथे माणूस गोंधळला नाही तर त्याच्याविषयीच संशय घ्यावा, असं मी तिला रिक्षात बसल्या बसल्या ऐकवलं. घरी आलो तर गॅसवरचं दूध आटून, जळून, पातेलं कोळसा झालेलं. संध्याकाळी मुलाचा फोन.

शेजारीण तेलुगू. तिच्या घरात टॉवेलचे माग दिवसभर खटखटत असतात आणि ती मला अक्का म्हणते. मी भिंतीवरून हाक मारली.

"तू सांगितलंस?"

"आईशप्पथ अक्का, मी नाय सांगितलं. आमच्या ह्यांनी सांगितलं."

"त्यांना कुणी सांगितलं?"

"त्यांना मी सांगितलं की!"

तेव्हापासून मुलाचं पालुपद सुरू झालं. आई, पुण्याला चल. पुण्यात वाईट काही नाही. पण या दोन खोल्यांत डोळे मिटून हात लांबवला तरी काडेपेटी हाताला लागते. मागांची खटखट इतकी अंगवळणी पडलीय की वीज गेली तरच ती ऐकू येते, म्हणजे ऐकू येत नाही हे ऐकू येतं. मला इथून हलायचं नव्हतं. आणि बरोबर त्याच वेळी हे खेळणं आलं.

मी ते संशयानेच उघडलं. आत एक खेळ नव्हता, खेळांचं आख्खं बिऱ्हाड होतं. एका प्रकाराला शेवटच नाही. तुम्ही ओळी पुसत राहायचं, ते ठोकळे टाकत राहणार, दर थोड्या वेळाने वेग वाढवून. याला खेळ म्हणणाऱ्याने कधी घर चालवलेलं नसावं. दुसऱ्यात दोन मिनिटांत होईल तेवढं करायचं. तिसऱ्यात ठोकळे वरून पडतातच, पण जमीनही खालून वर चढते. चौथा प्रकार पाहिला आणि मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. त्यात तुम्ही ठोकळा बसवला की तो दिसेनासा होतो. कुठे काय ठेवलंय हे लक्षात ठेवून पुढचा बसवायचा.

हा कुणासाठी पाठवलाय ते मला लगेच कळलं.

दोन दिवसांनी फोन आला तेव्हा इकडचं तिकडचं झाल्यावर मुलगा अगदी सहज म्हणाला, "तो दिसेनासा होणारा खेळलीस का गं?"

"कुठला रे?" मी म्हटलं.

"आहे त्यात एक. जमला तर बघ. आणि किती गुण झाले ते सांग, गंमत म्हणून."

गंमत! मी परीक्षा ओळखते. माझी पहिली परीक्षा करकंबला, माहेरच्या सोप्यात झाली. बघायला आलेल्या बायकांनी मला चालून दाखव म्हटलं, मी चालले. तांदूळ निवडायला दिले, निवडले. मग होणाऱ्या सासूबाईंनी पिशवीतून सुई काढली. बारीक नेढ्याची, मुद्दाम घरून आणलेली. "ओव बघू." दुसरी एखादी शहाणी मुलगी दोनदा चुकली असती, तिसऱ्यांदा ओवला असता. ही बया! दोरा ओठात ओला केला, एका झटक्यात ओवला आणि वर मान करून हसली. पदरही सावरला नाही, इतका आनंद. सासूबाईंनी सुई परत पिशवीत ठेवली. पण लग्नानंतर सासरच्या सगळ्या वाकळा शिवायला माझ्याकडे आल्या, मग चुलत सासरच्या आल्या, मग शेजारच्यांच्या. मी वर्षानुवर्षं वाकळा शिवत होते आणि मनात म्हणत होते, बघा, माझ्याशिवाय कुणाचं चालत नाही. असला मूर्खपणा करायलाही हुशारी लागते.

म्हणून या वेळी मी आधी विचार केला. कमी गुण मिळवले तर पुण्यात म्हणणार, आईचं डोकं चालत नाही, तिला एकटीला ठेवता येणार नाही, घेऊन या. भरपूर मिळवले तर म्हणणार, आई अजून टणक आहे, नातीला सांभाळेल, घेऊन या. हरले तरी पुणं, जिंकले तरी पुणं. राहायचं असेल तर काठावर पास व्हायला हवं. ना कौतुक, ना काळजी.

काठावर पास होण्याइतकं अवघड काही नाही. मी रोज दुपारी जेवण आटोपून बसायचे. न संपणारा चांगला चालायला लागला की दोन वाकडे ठोकळे उगाच नको तिथे टाकायचे. दोन मिनिटांच्या प्रकारात मध्येच पाणी प्यायला उठायचे. दिसेनाशा होणाऱ्या प्रकारात मात्र मला काही मुद्दाम करावं लागायचं नाही. ते मी स्वतःला सांगताना म्हणायचे, बघ, इथे तर नाटक किती छान जमतंय.

शेजारीण कधीतरी येऊन बसायची. तिला मी बेत सांगितला होता. नंतर पस्तावले, कारण तिला सांगणं म्हणजे तिच्या नवऱ्याला सांगणं.

"अक्का, मग जिंकायचं का हरायचं?"

"मधलं."

"मधलं कसं खेळतात वो? माझ्यानं नाय होणार बघा."

पौष सरता सरता सून आली. एकटी. "ऑफिसचं काम निघालं सोलापुरात." पुण्याच्या ऑफिसचं सोलापुरात काम निघतं हे मी पहिल्यांदाच ऐकलं. तिची बॅगही कामाची दिसत नव्हती. कपडे होते, नातीने काढलेलं चित्र होतं, आणि तळाशी माझ्यासारखंच एक यंत्र.

"आई, दोघींचा खेळू या?" तिने चहा संपायच्या आधी विचारलं. "दोन यंत्रं जवळ ठेवली की एकमेकांना जोडली जातात."

आता प्रत्यक्ष तपासणी, मी मनात म्हटलं.

दोघींच्या प्रकाराची गंमत अशी. आपण ओळी पुसल्या की त्या समोरचीच्या तळाशी कचरा होऊन उगवतात. आपलं अंगण झाडायचं आणि केर शेजारणीच्या दारात लोटायचा. हे शोधून काढणारा आमच्याच गल्लीत राहून गेलेला असणार.

खेळ सुरू झाला. मी ठरवल्याप्रमाणे मध्ये एक फट ठेवली. थोड्या वेळाने चष्म्याच्या कडेतून तिच्या पडद्याकडे पाहिलं तर तिच्याकडेही फट. मी वाकडा ठोकळा उंचवट्यावर टाकला, तिनेही टाकला. मग तिला उभी काठी आली. उभी सोडली असती तर चार ओळी एकदम पुसल्या गेल्या असत्या. तिने ती आडवी टाकली. आडवी! असं एक तर आंधळं माणूस टाकतं, नाही तर मी.

दोघींचे मनोरे छताकडे निघाले. कोण आधी आपटतं याची शर्यत लागल्यासारखी आम्ही दोघी बटणं दाबत होतो.

"तू मुद्दाम हरतेयस," मी म्हटलं.

"तुम्ही पण, आई."

पडद्यावर कुणी तरी जिंकल्याचं आलं. ते कोण, हे दोघींनीही पाहिलं नाही. मी यंत्र मांडीवर ठेवलं.

"माझं मी बघते. तू कशाला हरत होतीस ते सांग."

"तुम्ही जिंकावं म्हणून. मी फोटो काढून पाठवणार होते."

"म्हणजे परीक्षाच होती ना ही?"

"होती," ती म्हणाली. "तुमच्या मुलाची कल्पना. मी म्हटलं होतं, आईंना कळेल. तर म्हणतो, तिला कशाला कळतंय."

हे मी त्याच्या नावावर मांडून ठेवलं आहे.

"आणि तुला मी पास व्हायला हवी होते? का?"

तिने आपलं यंत्र बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "रागावू नका. आमच्या दोन खोल्या. तुम्ही आलात की आपण भांडणार. सकाळी मोरीवरून, रात्री टीव्हीवरून. आत्ता आपलं बरं चाललंय, आई. मला ते घालवायचं नाहीये."

आयुष्यात मला पुष्कळ लोकांनी 'ये, ये' म्हटलं. त्यातल्या निम्म्यांच्या मनात नव्हतं आणि मी तेवढ्यावर पिशवी भरून जायची. 'येऊ नका' असं इतक्या मायेने मला कुणीच म्हटलं नव्हतं. मी उठले, कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली, वर दही घातलं. ती दुसरी भाकरी नको म्हणाली तरी दिली.

मग माझ्यातली सुई ओवणारी जागी झाली. "आता खरं खेळू," मी म्हटलं. "दाखवतेच तुला."

खरं खेळलो. मी हरले. म्हटलं, हात बसला नाही, पुन्हा. पुन्हा हरले. तिसऱ्यांदा तर माझा ढीग अर्ध्यावर पोचेपर्यंत तिचा पडदा झाडून स्वच्छ. मी एकही ठोकळा मुद्दाम टाकला नव्हता. ठोकळा वरून यायचा, मी त्याला ओळखायचे, आणि क्षणभर तो कुठे न्यायचा हेच कळायचं नाही. जागा समोर दिसत असायची. कळायचं तोवर तो खाली टेकलेला असायचा.

तो क्षण माझ्या ओळखीचा होता. सात रस्त्याला रस्ता खणलेला होता हे खरं, पण मी उभी होते त्या बाजूला नाही. सगळे रस्ते दिसत होते, दुकानांच्या पाट्या वाचता येत होत्या. त्यातला घराकडचा कुठला, एवढंच समजत नव्हतं. आणि घरातून निघताना गॅसवर दूध होतं हे मला घरी येऊन वास लागेपर्यंत आठवलं नव्हतं. आतापर्यंत माझा मुलावर, सुनेवर, शेजारणीवर, तिच्या नवऱ्यावर, त्या यंत्रावर संशय घेऊन झाला होता. एकच माणूस राहिलं होतं.

सून माझ्याकडे बघत होती. तिने आपलं यंत्र हळूच बंद केलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मुलगाच, आवाज मलाही ऐकू येत होता. "काय गं, कशी खेळते आई?"

"जिंकल्या," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "मला धुतलं त्यांनी."

"बघ, म्हटलं नव्हतं? मग नेऊ या का तिला आता? तुलाही मदत होईल."

"त्यांना इथेच राहू दे. माझ्यापेक्षा तल्लख आहेत, मला झेपायच्या नाहीत."

तो हसला. फोन बंद झाला.

"पण आई, एक अट आहे."

"आलीस ना पुण्यावर?"

"डॉक्टर. इथलेच. उद्या आपण दोघी जाऊ. ते काय सांगतील ते आधी आपण ऐकू, मग तुमच्या मुलाला मी सांगेन. काहीही असलं तरी सांगेन. आणि दूध तापवताना तिथून हलायचं नाही."

"आणि तुझ्या ऑफिसचं काम?"

"कुठलं काम?" ती म्हणाली, आणि मग तिलाच हसू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. सात रस्त्याला रिक्षातून उतरलो, पुढे थोडं चालायचं होतं. उतरल्यावर सून एक पाऊल मागे राहिली. चप्पल नीट करतेय असं दाखवत होती. मी सुनांना चांगली ओळखते, मीही होते. मी कुठे वळते ते तिला बघायचं होतं.

मला त्या सकाळी रस्ता स्वच्छ दिसत होता. म्हणून मी मुद्दाम भलत्या रस्त्याकडे दोन पावलं टाकली. बघू, किती वेळ गप्प राहते.

"आई, आई! इकडे!" तिने धावत येऊन माझा दंड धरला आणि मला ओढत दुसऱ्याच रस्त्याला घेऊन निघाली.

मी तिला बरीच पुढे जाऊ दिली. मग म्हटलं, "अगं, हा दवाखान्याचा रस्ता नाही. तो मागे डावीकडचा."

ती थांबली. मागे पाहिलं, पुढे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी खरं सांगतेय की खेळतेय, ते तिला ठरवता येईना.

"नक्की?"

"नक्की."

तिने पानपट्टीवाल्याला विचारलं. त्याने मी म्हटलं तिकडेच बोट दाखवलं. तिने माझा दंड सोडला नाही, पण या वेळी ती माझ्या मागे आली.