पूनमचा नाच आणि माझी पिसांची पिशवी

पूनमचा फोन आला, "मॅडम, लातूरला आमचा आदिवासी नाच आहे, या ना," आणि मी माळ्यावरची पिशवी खाली काढली. आमच्या हदगावच्या शाळेत गॅदरिंगचं आदिवासी नृत्य दरवर्षी मीच बसवते. पानांचे घागरे, पिसांचे मुकुट, सगळं माझ्या हातचं. पूनम किनवटकडची, गोंड. पाच वर्षं माझ्या नाचात पहिल्या रांगेत होती, आता लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करते. पोरीला तिथे कपडे कोण देणार, म्हणून मी निघाले.

जाणार असाल तर सकाळची पहिली एसटी धरा आणि नांदेडला गाडी बदला. पुढे लोहा, अहमदपूर, चाकूर. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे मी थाटात खिडकीशी बसले. अहमदपूरच्या स्टँडवरची गरम भजी चुकवू नका. शेजारच्या आजींनी पिशवीतून डोकावणारी पिसं पाहून विचारलं, कोंबड्या नेताय का? हसून हसून माझी पुरेवाट झाली.

लातुरात डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांचे फोटो चौकाचौकांत लागलेले असतात. ट्यूशन एरियातल्या हॉलवर पोचले तर दारातच वाद चाललेला. पूनम आणि तिच्या चार मैत्रिणी जीन्स-कुर्त्यात, गळ्यात क्लासचं ओळखपत्र. संयोजक त्यांना स्टेजवर सोडायला तयार नव्हते.

"आदिवासी वाटायला पाहिजे की न्हाई?" त्यांची नजर माझ्या पिशवीवर गेली आणि चेहरा खुलला. "बघा, मॅडमनी आणलंय."

पूनम हळूच म्हणाली, "मॅडम, माझी आई साडी नेसून नाचते. पानं मी पहिल्यांदा शाळेतच बघितली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पोरीचा नाच माझ्या पिशवीपायी आणखीच अडला होता. मी संयोजकांना म्हटलं, "हे गोंडांचे कपडे नाहीत. माझ्या डोक्यातले आहेत. मुली अशाच नाचतील." वर्गात वापरते तोच आवाज लागला असावा, कारण ते बाजूला झाले.

नाच सुरू झाला. आधी घड्याळाचा गजर, फळ्यावर खडूचा आवाज, मग ढोल. पोरी दप्तरं पाठीला लावूनच रिंगण धरत होत्या. मध्येच सगळ्या हातात नसलेला भाला उगारून थिजल्या आणि लोक हसले. ती पोझ मीच शाळेत शिकवलेली. मग भाल्याचा हात सावकाश खाली येऊन हवेत गणित सोडवू लागला आणि हॉल चिडीचूप झाला. पुढे टाळ्या थांबेनात. मी रडत होते आणि लई खूश होते.

मेसमध्ये जेवताना पूनमला विचारलं, शाळेत होतीस तेव्हा का बोलली नाहीस?

"तेव्हा आपला पहिला नंबर येऊन राहिला होता मॅडम. तुम्ही किती खूश होता."



घरी आल्यावर मुख्याध्यापकांना सांगितलं, यंदा नाच पूनम बसवणार. तिला विचारलं, मी रिंगणात चालेन का? तिने पहिल्या पावलांचा व्हिडिओ पाठवला. आठ दिवस मी स्वयंपाकघरात तेच करते आहे. काल माझा व्हिडिओ तिला पाठवला, तर लगेच उत्तर आलं.

"मॅडम, उजवा पाय चुकला. पुन्हा."