कमलाकरपंत आणि कोमांचींचा माळ

कचेरीत कमलाकरपंतांचं कुणी ऐकत नसे. शुक्रवार पेठेतले हे नक्कलनवीस दिवसभर दुसऱ्यांचं लिहिलेलं वळणदार अक्षरात उतरवीत, आणि साहेबापुढे उभे राहिले की त्यांची वाचाच बसे. पण १९२६ साली चन्नवीरशेटच्या बायस्कोपच्या तंबूत त्यांना संध्याकाळचं काम मिळालं. मुक्या चित्रांतल्या इंग्रजी पाट्या मराठीत सांगायच्या. वेताची छडी घेऊन पडद्याशेजारी उभे राहिले की पंतांच्या जिभेवर सरस्वती नाचे, आणि चारशे माणसं कान देऊन ऐकत. त्या दोन तासांसाठीच हा माणूस जगत होता म्हणा ना.

एकदा अमेरिकेतलं चित्र आलं. गोरे लोक बैलगाड्या घेऊन माळावर वसायला जातात, कोमांची नावाच्या जमातीचे घोडेस्वार त्यांची घरं जाळतात, मग पलटण येऊन कोमांचींची वस्ती बायकापोरांसकट जाळते. पाट्यांवर कोमांचींना रानटी म्हटलं होतं. पंतही तसंच सांगत होते.

तेवढ्यात पुढे बसलेला एक धनगर उठला. बिरप्पा त्याचं नाव, मेंढरं विकायला बाजाराला आला होता.

"मास्तर, ती जमीन आदी कुणाची हुती?"

पाटीवर हे नव्हतं. पण पंतांनी कुठंतरी वाचलं होतं, आणि तोंडून खरं निघून गेलं. "कोमांचींचीच. पिढ्यान्‌पिढ्या."

"मग ह्ये गाडीवालं तितं कशापायी गेलं?"

पंतांनी छडी पुढच्या पाटीकडे वळवली. एरवी पलटण आली की तंबू डोक्यावर घेणारी माणसं त्या दिवशी गप्प बसली. एका बाईनं डोळ्यांना पदर लावला.

खेळ सुटल्यावर चन्नवीरशेटनी पंतांना बाजूला घेतलं. "पंत, मानसं हितं रडायला येत न्हाईत. पाटीवर हाय तेवढंच सांगा. जमत नसंल तर दुसरा बघतो." पंतांचं धाबं दणाणलं. हे काम गेलं की उरणार काय, तर नुसती कचेरी.

दुसऱ्या दिवशी बिरप्पा वाडीची पंधरा माणसं घेऊन हजर. खरं सांगणारा मास्तर आहे म्हणून मुद्दाम आणली होती. पडद्यावर गाड्या माळावर आल्या. पंत म्हणाले, "जमीन ओसाड होती. कुणाचीच नव्हती." पाटीवर एवढंही नव्हतं. भीतीपोटी पंतांनी पदरचं घातलं.

बिरप्पा उठला. आवाज चढवला नाही.

"काल त्येंची म्हणलात की. आमच्या कुरणाला तारा मारल्या तवा कारकुनानं असाच कागद वाचला हुता. ओसाड म्हणून."

घोंगडी खांद्यावर टाकून तो बाहेर पडला, मागोमाग त्याची माणसं. असले कागद पंतांनी स्वतः कितीतरी उतरवले होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण पुढची पाटी आली आणि त्यांनी ती सांगितली.

बोलपट येईपर्यंत सहा वर्षं ते त्या तंबूत बोलले. लोक टाळ्याही वाजवत. पण मध्येच उठून त्यांना काही विचारणारं माणूस पुन्हा भेटलं नाही.