आबांच्या पानावरचं चॉकलेट

आज पहाटे वहिनीनं चॉकलेट वितळायला ठेवलं आणि मी नाकाला पदर लावला. हा वास आला की मला अजून बोकडाची वजडी आठवते.

वहिनी नवी नवरी होऊन वरवंडला आमच्या घरी आली, तेव्हाची गोष्ट. तिनं हौसेनं वितळलेल्या चॉकलेटात कॉर्नफ्लेक्स घोळवले, गोळे केले आणि ताट फ्रीजमध्ये ठेवलं. खालच्याच कप्प्यात आईनं जत्रेच्या बोकडाची वजडी, म्हणजे आतडी, उघड्या पातेल्यात ठेवली होती.

सकाळी मी एक गोळा तोंडात टाकला. गोड, थंड, कुरकुरीत, आणि पाठोपाठ आतड्यांचा तो ओला, उग्र दर्प. मागच्या दारी जाऊन थुंकले, चूळ भरली, तरी टाळूवरचा वास जाईना.

परत आले तर माझे वडील, आबा, ताट मांडीवर घेऊन बसले होते.

"कसं झालंय, आबा?" वहिनीनं दारातून विचारलं.

"लई झ्याक. कुणाला द्यायचं न्हाई, समदं मीच खानार."

घामेजल्या कपाळानं त्यांनी शेवटचा गोळासुद्धा संपवला. सुनेनं सगळ्यांच्या मागून खायचं, ही आमच्या घरची रीत. त्यामुळं त्या ताटातला एकही गोळा वहिनीनं कधी चाखलाच नाही.

आज आबांचं पित्र. त्यांच्या पानावर खीर-वड्यांशेजारी तिनं तसलेच गोळे वाढलेत, दरवर्षीसारखे. आबांच्या आवडीचे.

"वन्सं, तुमीबी घ्या की," म्हणत तिनं एक माझ्या हातावर ठेवला.

आबांसारखाच चेहरा ठेवून मी तो न चावता गिळला.