अर्ध्या नदीचा साहेब

माझा मामा पर्यावरण निरीक्षक. पूर्वी नदीच्या पाण्याचे नमुने राजधानीला जायचे आणि तिथेच रमायचे. मग सरकारने कारखान्यांना परवाने देण्याचे आणि ते बंद करण्याचे अधिकार प्रत्येक नगरपालिकेकडे सोपवले. मामाने पहिलंच सील ठोकलं ते माझ्या बाबांच्या कापड रंगवायच्या कारखान्याला.

सख्ख्या बहिणीचा कारखाना बंद केला की बाकीच्यांची आपोआप बोलती बंद होईल, असा त्याचा हिशोब. तो बरोबर ठरला. आईने मात्र त्याच्याशी बोलणं टाकलं.

दोन शहरांची हद्द नदीच्या मधोमध होती. बाबांनी पिंपं उचलून पलीकडच्या काठावर नेली. तिथल्या नगरपालिकेला कारखाने हवेच होते. परवाना हातोहात मिळाला. आमच्या काठावर झाडं लागली, बाकं आली, ‘हरित शहर’ अशी पाटीही आली. लोक बाकांवर बसून नदी बघत. सोमवारी ती लाल असे, एरवी गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे. मामा नावेतून मध्यापर्यंत जाऊन नमुने घ्यायचा आणि शहाण्यासारखा मागे फिरायचा. पुढच्या पाण्यावर त्याचा हक्क नव्हता.

शेवटी तो आमच्या दारात येऊन उभा राहिला. “ताई, पलीकडे माझं काही चालत नाही गं. तुझं चालतं.”

आईने दार लोटून घेतलं. पण दुसऱ्या दिवसापासून ती कारखान्यात जाईना. रंग कालवायचं काम तिचं. बाबांनी कालवलेल्या निळ्याला गिऱ्हाईक जांभळा म्हणे. बाबांनी थोडे दिवस तोऱ्यात काढले, मग नाक मुठीत धरून विचारलं, “काय हवंय तुला?”

“सांडपाणी शुद्ध करायची टाकी.”

टाकी बसली. अशा रीतीने अधिकार आणखी खाली, आमच्या स्वयंपाकघरापर्यंत उतरले, आणि तिथे ते एकदाचे वापरले गेले.

नदी निवळली. मामा चहाला आला. इतका खूश तो मला कधीच दिसला नव्हता.

“ताई, गेला ना आता राग?”

“नाही,” आई म्हणाली. “सील लावायच्या आदल्या दिवशी तू इथेच जेवलास. तेव्हा एका शब्दाने बोलला असतास, तर मी तेव्हाच टाकी बसवून घेतली असती.”

मामाचा चेहरा उतरला. मला त्याची फार दया आली.

“लोक म्हणाले असते, बहिणीला सांभाळून घेतलं.”

“म्हणाले असते,” आई म्हणाली आणि त्याच्यापुढचा कप उचलून आत गेली. त्याने तो अजून तोंडाला लावला नव्हता.