मांडीवर टर्बो घेऊन मुळशीला

मुळशीला लोक धुकं बघायला जातात. मी गेलो होतो मांडीवर टर्बोचार्जर घेऊन. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता, दिवाळी होऊन थंडी पडायला लागली होती. मी पुण्यात एका गॅरेजात मेकॅनिक होतो आणि आमच्या दादाची गाडी धरणाच्या पुढे, आत्याच्या गोठ्याशेजारी, तीन आठवडे निपचित पडून होती.

आधी गाडीचं सांगतो, नाहीतर म्हणाल हा फेकतोय. दादा अकरा वर्षं आखातात होता. त्या वर्षी येताना त्याने बोटीने एक जपानी गाडी आणली, सहा सिलिंडरची, दोन टर्बोवाली. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर गरगरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो आणि गाडी सुसाट सुटते. हिला असे दोन! आणि आणली कुणासाठी, तर आबांसाठी. आबा म्हणजे आमचे वडील. तीस वर्षं एका मालकाचा ट्रक चालवला, स्वतःच्या नावावर सायकलपलीकडे काही नाही. गाडी आल्यापासून तेच चालवत होते. एकदा दादाला शेजारी बसवून आत्याकडे जेवायला निघाले आणि पोचता पोचता गाडीमागून निळ्या धुराचा लोट निघाला. दोनातला एक टर्बो गेला.

त्या दिवसापासून आबांनी किल्लीला हात लावला नाही. "परदेशी जनावर हाय, आपल्याला न्हाई झेपायचं," म्हणाले आणि विषय बंद. आता तीन आठवडे होत आले होते आणि चार दिवसांनी दादाला परत आखातात जायचं होतं. आबा पुन्हा स्टिअरिंगवर बसलेले बघून जायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. नवा टर्बो त्याच्या मित्राने दुबईहून सामानात घालून आणला आणि मी रजा टाकली.

सकाळची पहिली एसटी धरली. जाणार असाल तर तुम्हीही पहिलीच धरा आणि खिडकी सोडू नका. तेव्हा भूगाव-भुकूमला आजच्यासारख्या इमारती नव्हत्या, नुसती शेतं, आणि त्यांच्यावर चुलींचा धूर आडवा पसरलेला. टर्बो मी जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला होता. कंडक्टर वाकून बघत म्हणाला, "बाळाचं तोंड झाकू नका वो, गुदमरंल." मी टॉवेल बाजूला केला. त्याने ते लोखंड पाहिलं, तिकीट फाडलं आणि पुढे गेला.

पौडला गाडी बदलायची. तिथे आबा आणि दादा भेटले, अलीकडच्या भरे गावातल्या आमच्या घरून आलेले. स्टँडसमोर भजी खाल्ली, चहा घेतला. पौडच्या पुढे खायला मिळायची मारामार, त्यामुळे पोटोबा इथेच उरकून घ्यावा. दोघं एका बाकावर बसले होते, पण मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा ठेवून.

आणि मग पाणी दिसायला लागलं. काय सांगू तुम्हाला! धुकं तलावावर नुसतं बसून होतं, उठायची घाई नाही. मधूनच ते विरायचं आणि आत एखादा डोंगर उभा दिसायचा, पुन्हा नाहीसा व्हायचा. बस हळूहळू वळणं घेत होती. मला झोप लागली होती की नाही, अजून नक्की सांगता येत नाही. मांडीवरचं वजन तेवढं जाणवत होतं, बाकी सगळं तरंगत होतं. मी फार सुखी होतो, हे मात्र पक्कं आठवतं.

आत्याने दारातच बजावलं, "गाडीखाली माजी कोंबडी अंड्यांवर बसलीय. लई खडखड करायची न्हाई." हजारो मैलांवरून आलेल्या गाडीखाली खुडूक कोंबडी! तिला न उठवता मी वरूनच हात घातला.

बोल्ट जाम झाले होते. रॉकेल मारलं, वाट पाहिली, पुन्हा मारलं. दुपारी जुना टर्बो हातात आला, पंख्याची दांडी लटलट हालत होती. मग ऑइलची बारीक नळी काढली, उजेडाकडे धरली, तर आरपार काही दिसेना. आत जळून दगड झालेलं काळं ऑइल.

माझ्या लक्षात आलं. ही नळी अशी एकाच कारणाने बुजते. गाडी चढाला तापवायची आणि लगेच इंजिन बंद करायचं. टर्बो फिरतच राहतो, ऑइल थांबतं आणि तिथल्या तिथे जळतं. आणि चढ संपला की किल्ली फिरवून उताराला गाडी तशीच सोडायची, ही आबांची तीस वर्षांची सवय. मालकाचं डिझेल वाचवणारा ड्रायव्हर म्हणून त्यांचं नाव होतं. आता बोललो नाही तर नवा टर्बोही जाणार. बोललो तर ज्या गोष्टीचा त्यांना उभ्या आयुष्यात अभिमान, तीच चूक ठरणार. मी नळी तारेने साफ करत बसलो, गरजेपेक्षा जास्त वेळ.

आबा जवळ आले. नळीतून पडलेली काळी भुकटी त्यांनी बोटावर घेतली.

"उताराला बंद करत व्हतो, त्यानं झालं का ह्ये?"

"हो आबा," मी म्हणालो.

दादा पाठमोरा उभा होता. तो वळलाच नाही. "मला म्हाईत व्हतं," म्हणाला. "गाडीसंगं आलेल्या पुस्तकातच लिवलंय, गाडी थांबली तरी दोन मिनिटं चालू ठिवायची."

"शेजारी बसून बघत व्हतास? मंग बोलला का न्हाईस?"

"तुमाला मी गाडी शिकवू?"

"तीन आठवडं मला वाटतंय, माजा हातच गेला," आबांचा आवाज फाटला. "शिकवायचं की, येड्या! बाप काय पोटातनं शिकून येतो?"

दादा रडला. अकरा वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मलाही आवरेना, मी टर्बोत ऑइल ओतायच्या निमित्ताने खाली वाकलो.

नवा बसवला. आधी नुसतं इंजिन फिरवून ऑइल वर चढू दिलं, मग सुरू केलं. धूर नाही. आत्याने कोंबडी अंड्यांसकट टोपलीत उचलली आणि दादाने किल्ली आबांच्या हातावर ठेवली.

परतीचा रस्ता मला धड आठवत नाही. संध्याकाळचं पिवळं ऊन, कापलेली भातखाचरं, आणि उतारालाही चालूच राहिलेला इंजिनाचा आवाज. आज तिथे छान हॉटेलं आहेत, तळ्याकाठच्या खोल्या मिळतात, जरूर जा. पण मला मुळशी म्हटलं की आधी भऱ्यातलं आमचं अंगणच आठवतं.

तिथे आबांनी गाडी थांबवली आणि हात सवयीने किल्लीकडे गेला. थबकला. मग आम्ही तिघंही आतच बसून राहिलो, दोन मिनिटं मोजत. एवढा वेळ काही न करता आम्ही एकत्र कधी बसलो नव्हतो.

"आता गेलास की परत कवा?" आबांनी समोर बघत विचारलं. हा प्रश्न घरात कधी कुणी विचारला नव्हता.

"दोन वर्सांनी, आबा."

दोन मिनिटं होऊन गेली होती. मी तसं सांगितलं.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले, "आजून थोडी चालू."