हॉटेलातला समुद्र

लालबागच्या नाक्यावर एक हॉटेल होतं. मालकांचं नाव मला कधीच कळलं नाही. कपाळावर चढवलेला चष्मा आणि खांद्यावरचं फडकं, एवढीच त्यांची ओळख. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत चहा थंड व्हायचा आणि गिऱ्हाइकं तापायची. 'राजकीय चर्चा करू नये' या पाटीखालीच भांडणं जुंपायची. एकदा कपबशा फुटल्या, तेव्हा मालकांनी युक्ती काढली. आसपासच्या चाळींतल्या हौशी चित्रकारांची चित्रं आणून त्यांनी भिंती भरून टाकल्या.

"आता चित्रांवर बोला," ते म्हणाले. "त्याला बंदी नाही."

टेबलं पुसायच्या ओल्या फडक्यानेच ते चित्रंही पुसायचे. त्यामुळे जलरंगातला वरळीचा समुद्र रोज थोडा ओसरायचा.

आठवडाभर सगळे रंगांवर बोलले. मग एकाने बशीत चहा ओतत विचारलं, "काय हो, हा समुद्र कुणाचा?"

"महाराष्ट्राचा!" कोपऱ्यातून आवाज आला.

"कोण म्हणतो?" तिसरा उठलाच. पुन्हा कपबशा फुटल्या.

दुसऱ्या दिवशी जुन्या पाटीखाली नवी पाटी लागली होती: 'चित्रांविषयी चर्चा करू नये.'

मला हसू आवरेना. मालक माझं टेबल पुसायला आले. इकडेतिकडे बघून, माझ्या कानाशी लागून पक्क्या मालवणीत पुटपुटले, "समुद्र आपलोच आसा. पण बोलू नको."

मग त्यांनी ओलं फडकं टेबलावर ठेवलं, खिशातून स्वतःचा घडीचा रुमाल काढला आणि हलक्या हाताने समुद्र पुसला.